दुरून काचा साजऱ्या

माझी गाडी तेरा वर्षांची. तिला पॉवर विंडो आहेत, सेंट्रल लॉकिंग आहे. फक्त त्या दोघांचं एकमेकांशी बोलणं नाही. सोसायटीत छपराखालची जागा सोडतीत दुसऱ्यांना लागली, म्हणून गाडी पुण्याच्या एप्रिलमध्ये उघड्यावर तापत उभी असते. जिन्यातून बटण दाबावं आणि आपण पोचेपर्यंत चारही काचा खाली गेलेल्या असाव्यात. वळीव आलाच तर गॅलरीतूनच त्या बंद करता याव्यात, एवढीच माझी हौस. ती पुरी व्हायला दोन महिने लागले आणि निम्मी मागे घ्यायला दोन मिनिटं.

१. काचेला ठेवलेली दोन बोटांची फट ही माझ्या मनाची समजूत होती. वर्षानुवर्षं मी ती इमानाने ठेवली. मग वाचनात आलं, की स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या डॉक्टरांनी २००५ साली उन्हात उभ्या गाडीत तापमान मोजलं, तर ते तासाभरात सरासरी २२ अंश सेल्सिअसने वाढलं. त्यातली ८० टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासातच झाली. काच किंचित उघडी ठेवूनही फारसा फरक पडला नाही. काळी फिल्म तर सुप्रीम कोर्टाच्या २०१२च्या निकालानंतर मी स्वतःच ब्लेडने खरवडून काढली होती. मग उरला एकच उपाय : बसायच्या आधी काचा पूर्ण उघडून आतला ताव बाहेर जाऊ द्यायचा.

२. काच वर नेणारी तार वेगळी आणि खाली आणणारी वेगळी, असं मला वाटायचं. शाळेत मोटरचा धडा शिकलो होतो, पण धडा शाळेतच राहिला. मोटरला तारा दोनच. बटण दाबलेलं नसताना त्या दोन्ही अर्थला टेकलेल्या असतात; एकीला १२ व्होल्ट मिळाले की काच वर, दुसरीला मिळाले की खाली. मी तपकीर गल्लीतून रिमोटचा सर्किट बोर्ड आणि एक रिले आणला आणि सरळ एका तारेला करंट दिला. तो मोटरकडे गेलाच नाही. स्विचमधून थेट अर्थला गेला. फट्. तार मधे तोडून रिले असा बसवावा लागतो, की एरवी स्विचची वाट चालू राहील आणि रिमोट दाबल्यावर तेवढ्यापुरती ती सुटेल. एका दाराला दोन रिले, चार दारांना आठ. माझ्याकडे होता एक, आणि आत्मविश्वास मात्र आठांचा.

३. उडालेला फ्यूज हा बिघाड नसतो, निरोप असतो. मला तो अपमान वाटला. ३० अँपियरचा नवा फ्यूज घरात नव्हता, म्हणून तिथे तारेचा तुकडा अडकवायचा बेत होता. सुदैवाने पक्कड सापडली नाही. दुसऱ्या दिवशी नाना पेठेतल्या वायरमनला हा बेत मी जरा ऐटीतच सांगितला. त्याने मान वर न करता विचारलं, ‘‘काका, फ्यूज मेला म्हणून गाडी वाचली. तुम्हाला कोण जायला हवं होतं?’’ यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी त्याच्यासाठी चहा सांगितला.

४. दाराच्या आत जे निरुपयोगी दिसतं, ते तसं नसतं. डोअर पॅड मी मोठ्या कौतुकाने स्वतःच काढला होता. तीन क्लिपा तुटल्या, ते सोडा. आत काळ्या चिकट गोंदाने लावलेला प्लॅस्टिकचा कागद होता. कारखान्यातल्या पॅकिंगचा राहिला असेल, म्हणून मी तो फाडून टाकला. पहिल्या पावसात पायाखालचं कार्पेट ओलं झालं. तेव्हा कळलं, की काचेच्या कडेने दारात पाणी उतरणारच. ते खालच्या भोकांतून वाहून जातं आणि आपल्या अंगावर येत नाही ते त्या कागदामुळे. तेरा वर्षं तो मुकाट्याने काम करत होता. मला दिसला आणि त्याचं काम संपलं.

५. ज्याला आपण शिव्या देतो, तो बहुधा गुन्हेगार नसतो. वायरमनने शेवटी तयार मॉड्यूल बसवून दिलं : लॉक केलं की चारही काचा वर, वेगळं बटण दाबलं की खाली. पण मागची डावी काच चार बोटं राहिली असतानाच थांबायची. मी आठ दिवस मॉड्यूलला नावं ठेवली. ते बिचारं फक्त मोटर किती करंट ओढते एवढंच बघत होतं. ओढ वाढली की ‘काच टोकाला पोचली’ असं धरून चालत होतं. त्यावर एक बारीक स्क्रू होता. तो पिळून मी त्याला आणखी जोर लावायला शिकवलं. खरा दोष काचेच्या खाचेतल्या सुकलेल्या रबराचा होता. त्याला आधी खोबरेल तेल लावलं (धूळ बसून आणखी चिकटलं), मग सिलिकॉनचा स्प्रे मारला, आणि काच लोण्यासारखी सरकली. स्क्रू पुन्हा मागे घ्यायचं मात्र राहून गेलं.

६. आपण जे घाम गाळून जमवतो, ते कुणाकडे तरी आधीपासूनच असतं. भाचीने नवी गाडी दाखवायला आणली. किल्लीवरचं अनलॉकचं बटण तिने जरा जास्त वेळ दाबून धरलं आणि चारही काचा खाली आल्या. ‘‘मॅन्युअलमध्ये आहे, मामा.’’ मी ‘छान’ म्हणालो आणि हातातली टेप खिशात टाकली.

७. यंत्राला पदर आणि रबर यांतला फरक कळत नाही. एका रविवारी मेहुणे आले होते. मी तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून ‘आता बघा’ म्हणत लॉक दाबलं. आई देवळात जायचं म्हणून आधीच खाली जाऊन गाडीत बसली होती, हे माझ्या गावीही नव्हतं. काच वर आली. तिने कोपर आत घेतलं, पण पदर अडकला. घाबरून मी पुन्हा बटण दाबलं, तेही लॉकचंच. मेहुणे माझ्या आधी खाली पोचले. आईला लागलं नाही. पदराला कायमची चुणी पडली. कारखान्यातून येणाऱ्या आपोआप काचांना बोटाएवढा अडथळा लागला, तरी सुमारे दहा किलोंच्या दाबाच्या आत त्यांनी माघार घ्यावी, असे नियम बाहेर आहेत. अमेरिकेत तर साध्या रिमोटने सहा मीटरपलीकडून काच बंद होताच कामा नये. हे सगळं मी त्या रात्री वाचलं. दुपारी आई एवढंच म्हणाली होती, ‘‘त्या काचेला डोळे नाहीत. तू कुठे बघत होतास?’’ मी मेहुण्यांच्या चेहऱ्याकडे बघत होतो.

८. उघडणं दुरून चालतं. मिटणं जवळ उभं राहूनच करावं. सोमवारी जाऊन लॉकबरोबर काचा वर नेणारी तार काढून घेतली, स्क्रूही मागे फिरवला. वायरमनला कात्रीचा एक कट पुरला. त्याने पैसे घेतले नाहीत, याचं मला जास्तच वाईट वाटलं. उन्हात काचा अजून जिन्यातूनच उघडतात, आणि गाडी तेवढ्यापुरती बसण्याजोगी होते. परवा वळीव आला तेव्हा मी तीन मजले धावत उतरलो, किल्ली फिरवली, भिजत एकेक काच वर घेतली आणि दार लावून निघालो. वरून गॅलरीतून आईचा आवाज आला, ‘‘मागची डावी राहिली रे!’’