बाळंतपणानंतरचा रक्तस्राव आणि पिशवीचे टाके

मागच्या आठवड्यात एक आजीबाई दवाखान्यात आल्या. नातसुनेचे सिझेरियन झाले होते. घरी आणलेल्या कागदावर 'रक्तस्राव थांबविण्यासाठी गर्भपिशवीला टाके' असे लिहिलेले नातवाने वाचून दाखविले, तेव्हापासून त्यांच्या जिवाला घोर लागला होता. "डॉक्टर, पोटाला टाके घालतात हे ठाऊक आहे. पिशवीला कसले टाके? आणि पोरीला पुढे मूल होईल ना?" आजींना समोर बसवून जे सांगितले तेच आज सर्वांसाठी लिहीत आहे.

सिझेरियनमध्ये पिशवीला छेद घेतात आणि तो शिवतातच. ते टाके नेहमीचे. आजींच्या नातसुनेला घातलेले टाके निराळे होते. ते का लागतात हे कळण्यासाठी आधी निसर्गाची योजना पाहू.

निसर्गाचा स्वतःचा टाका

दिवस भरत आले की गर्भपिशवीकडे दर मिनिटाला अर्ध्या लिटरहून अधिक रक्त जात असते. बाळ जन्मते, मागून वार पडते, आणि वार जेथे चिकटलेली होती तेथल्या रक्तवाहिन्यांची तोंडे उघडी पडतात. मग बाई वाचते कशी? पिशवीचे स्नायू बाजेच्या सुंभासारखे उभे, आडवे, तिरपे विणलेले असतात आणि रक्तवाहिन्या या विणीतून जातात. बाळंतपण होताच पिशवी आवळते, वीण घट्ट होते आणि प्रत्येक वाहिनी चिमटीत सापडते. बेंबीच्या खाली हात ठेवला तर आवळलेली पिशवी चेंडूसारखी टणक लागते.

पिशवी सैल राहिली की रक्त वाहू लागते. बाळंतपणानंतरच्या जादा रक्तस्रावाच्या दहापैकी सुमारे सात प्रसंगांत हेच कारण असते. उरलेल्यांत कोठे फाटलेले असते, वारेचा तुकडा आत राहिलेला असतो, किंवा रक्त गोठण्याची शक्तीच कमी झालेली असते. जुळे, मोठे बाळ, फार लांबलेल्या कळा, आधीची बरीच बाळंतपणे, मागच्या वेळी झालेला रक्तस्राव, या स्त्रियांना धोका अधिक. परंतु यांतले काहीही नसलेल्या पहिलटकरणीलाही हा प्रसंग येतो. म्हणून प्रत्येक बाळंतपण सावधगिरीनेच व्हायला हवे.

एक जुनी चूक

१९९८ च्या पावसाळ्यातली गोष्ट. मला दवाखाना टाकून दोन वर्षे झाली होती. शेजारच्या वाडीतील एका बाईचे तिसरे बाळंतपण घरीच झाले. संध्याकाळी मला बोलावणे आले. गेलो तर बाळ छान रडत होते, बाई मात्र पांढरीफटक. सासूबाई म्हणाल्या, "बाळंतपणात रक्त जायचंच." कोपऱ्यात भिजलेल्या लुगड्यांचा ढीग होता. मी तो पाहिला, पण मोजला नाही. नाडी जलद होती, पण रक्तदाब ठीक वाटला. मी इंजेक्शन दिले, सलाईन लावले, पोट चोळले आणि 'जरा वाट पाहू' म्हणालो. त्या वाट पाहण्यात पाऊण तास गेला. नंतर जीप मिळेपर्यंत आणखी एक तास. जिल्ह्याच्या गावी पोचण्याआधीच बाई गेली.

तरुण स्त्रीचा रक्तदाब बराच वेळ टिकून राहतो आणि मग एकदम कोसळतो, हे मी पुस्तकात वाचले होते. त्या रात्री ते मला खरे कळले. मी सासूबाईंना दोष दिला नाही. वाट पाहायला मीच सांगितले होते.

आधीचे उपाय

आज उपायांची उतरंड ठरलेली आहे. बाळ जन्मताच आईला ऑक्सिटोसिनचे इंजेक्शन देतात. ते पिशवी आवळण्यासाठी असते आणि ते प्रत्येक बाळंतिणीला मिळाले पाहिजे. हेच औषध बाळ होण्याआधी 'कळा वाढविण्यासाठी' घरी कोणाकडूनही टोचून घेणे मात्र घातक आहे. त्याने पिशवी फाटू शकते.

तरीही रक्त थांबले नाही तर पोटावरून पिशवी चोळणे, शिरेतून सलाईन, आणखी औषधे, कोठे फाटले आहे का ते पाहणे, हे सर्व एकाच वेळी करायचे असते. ट्रानेक्झॅमिक अ‍ॅसिड हे रक्ताची गुठळी टिकविणारे औषध तीन तासांच्या आत दिल्यास रक्तस्रावाने होणारे मृत्यू घटतात, हे २१ देशांतील सुमारे २० हजार स्त्रियांच्या अभ्यासातून २०१७ साली दिसले. त्यापुढे पिशवीत फुगा घालून आतून दाब देता येतो. यांनी भागले नाही तर पोट उघडावे लागते.

वळकटीची दोरी

पोट उघडल्यावर पूर्वी बहुधा गर्भपिशवी काढून टाकणे हाच मार्ग उरे. जीव वाचे, पण पुन्हा मूल होण्याची आशा संपे. १९९७ साली इंग्लंडमधील मिल्टन केन्स येथील ख्रिस्तोफर बी-लिंच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाच स्त्रियांची हकिकत प्रसिद्ध केली. त्यांनी पिशवी काढली नाही, ती बाहेरून बांधली.

प्रवासाला निघताना वळकटीला दोन जागी दोरी आवळतो, तसा हा प्रकार. मोठ्या सुईने जाड, विरघळणारा धागा पिशवीच्या खालच्या भागातून ओवतात. तो पुढून वर माथ्यावरून नेऊन मागे उतरवतात, मागच्या बाजूने आडवा ओवतात, पुन्हा माथ्यावरून पुढे आणतात आणि खाली गाठ मारतात. पिशवीवर दोन उभे पट्टे बसतात. जे काम स्नायूंनी करायचे ते धागा करतो. काही आठवड्यांत धागा विरघळतो. तोवर पिशवी आपणहून लहान झालेली असते. २००२ साली पिशवी न उघडता घालण्याची याची एक सोपी रीतही प्रसिद्ध झाली.

याची परीक्षा मोठी साधी आहे. टाका घालण्याआधी मदतनीस दोन्ही हातांनी पिशवी दाबून धरतो. त्याने रक्त थांबले तर टाक्यानेही थांबेल अशी आशा धरता येते. सहा वर्षांपूर्वी ते हात माझे होते. गावातील प्रसूतितज्ज्ञ बाईंना मी कधी कधी शस्त्रक्रियेत मदत करतो. पहिलटकरीण, सिझेरियन झालेले, आणि पिशवी हातात ओल्या कणकेसारखी सैल. बाहेर नवऱ्याकडून पिशवी काढण्याच्या संमतीवर सही घेतली होती. त्याने काही न विचारता सही केली आणि पहिल्यांदा एवढेच म्हणाला, "ती वाचू द्या." मी दाबून धरले, रक्त थांबले. बाईंनी टाका घातला. मी हात काढले तेव्हा सर्वांचे डोळे खालच्या कापडावर होते. कापड कोरडे राहिले. ती मुलगी गेल्या वर्षी दुसऱ्या बाळाला लस देण्यासाठी माझ्याकडे आली होती.

पण हा टाका म्हणजे जादू नव्हे. पिशवी किंवा तिचे तोंड फाटले असेल, वार पिशवीच्या भिंतीत खोल रुजली असेल, रक्त गोठतच नसेल, तर निव्वळ याने भागत नाही. क्वचित पिशवीच्या भागाला रक्त कमी पडून त्रासही होतो. आणि काही वेळा जीव वाचविण्यासाठी पिशवी काढावीच लागते. तशी वेळ आली तर घरच्यांनी सहीसाठी वडीलधाऱ्यांची वाट पाहत बसू नये.

मोजा, अंदाज करू नका

टाका घालणारे हात असले तरी बाई त्यांच्यापर्यंत वेळेत पोचली पाहिजे, आणि त्यासाठी रक्त किती गेले हे कळले पाहिजे. डोळ्यांचा अंदाज नेहमी कमी पडतो. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या, बेळगाव भागातील खेड्यांत १,६२० स्त्रियांवर केलेल्या अभ्यासात रक्त खुणा असलेल्या प्लास्टिकच्या कापडात गोळा करून मोजले होते. परिचारिकांनी दिलेल्या मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्यांनी जादा रक्तस्रावाचे प्रमाण शेकडा १२ वरून सुमारे साडेसहावर आले. २०२३ साली आफ्रिकेतील चार देशांच्या ८० रुग्णालयांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. तेथेही खुणांचे कापड वापरून रक्त मोजले आणि सर्व उपाय एकदम सुरू केले. एक लिटरहून अधिक रक्त जाणे, त्यासाठी पोट उघडावे लागणे किंवा मृत्यू, यांचे एकत्रित प्रमाण ६० टक्क्यांनी घटले.

घरच्यांसाठी माप सोपे आहे. दुधाची अर्ध्या लिटरची पिशवी डोळ्यांसमोर आणा. बाळंतपणानंतर तेवढे रक्त गेले की तो धोका समजतात. आधीच रक्त कमी असलेल्या बाईला त्याहून कमीही पुरते.

हे लक्षात ठेवा

१) गरोदरपणात हिमोग्लोबिन तपासा, लोहाच्या गोळ्या नियमित घ्या. आपल्या देशात अर्ध्याहून अधिक गरोदर स्त्रियांना पंडुरोग आहे.

२) बाळंतपण रुग्णालयातच करा. रक्त मिळण्याची आणि शस्त्रक्रियेची सोय तेथे आहे की जवळ आहे, हे सातव्या महिन्यातच विचारून ठेवा.

३) रक्तगट कागदावर लिहून ठेवा. रक्त देऊ शकतील अशा दोघातिघांना आधीच सांगून ठेवा.

४) घरी आल्यावर तासाभरात पॅड पूर्ण भिजले, लिंबाएवढ्या गाठी पडल्या, भोवळ आली, घाम फुटला किंवा छातीत धडधडले तर लगेच १०८ ला फोन करा. असा रक्तस्राव काही दिवसांनीही होऊ शकतो.

५) वाटेत बाळाला अंगावर घ्या, बाईला आडवे ठेवा, उबदार पांघरूण घाला. भिजलेली कापडे फेकू नका, डॉक्टरांना दाखवा.

आजींना मी सांगितले, नातसून बरी आहे, धागा विरघळेल, आणि या टाक्यानंतर अनेक स्त्रियांना पुन्हा मुले झाली आहेत. मात्र पुढचे बाळंतपण मोठ्या रुग्णालयातच करा आणि हा कागद जपून ठेवा. आजींनी कागदाची घडी घातली, चंचीत ठेवली आणि म्हणाल्या, "आमच्या वेळी माझी जाऊ अशीच गेली. तेव्हा म्हणाले, नशीब."

नशीब नव्हे आजी, उशीर.