ओल्या उन्हाच्या देशात जाताना

आपण नागपूरकडची माणसं, ऊन आपल्याला काय करणार, हा समज पोरी, खाप्यातच ठेवून जा. तुझ्या श्रीलंकेच्या सहलीबद्दल मला सगळ्यात आधी हेच सांगायचं आहे. आपला मे महिना ४५ अंशांना जातो खरा, पण ते कोरडं ऊन. घाम येतो, लगेच सुकतो आणि सुकता सुकता अंग निववतो. वाळ्याचा कूलर आपल्याकडे चालतो तोही हवा कोरडी म्हणूनच. कोलंबोत पारा ३०-३१ अंशांच्या फारसा वर चढत नाही, पण हवेत इतकी वाफ असते की घाम सुकतच नाही, नुसता वाहतो. अंग निवत नाही आणि अंगातलं मीठ-पाणी मात्र जात राहतं. इथं भर दुपारी लग्नाच्या वरातीत नाचणारी माणसं तिथं अकरा वाजताच सावली शोधतात. खिशात कांदा ठेवायची आपली रीत त्या हवेत कामाची नाही.

म्हणून तहान लागायची वाट बघू नकोस. दर अर्ध्या-पाऊण तासानं दोन-चार घोट पाणी पी. ओआरएसच्या पुड्या घरूनच ने आणि पुडीवर एक लिटर लिहिलं असेल तर लिटरभरच पाण्यात घाल. अर्धी पुडी ग्लासात ढवळून प्यायची सवय अनेकांना असते, ती चुकीची. तिथं रस्त्याकडेला नारिंगी सालीची शहाळी मिळतात, तिथले लोक त्यांना थंबिली म्हणतात. बाटलीतल्या रंगीत पेयापेक्षा ती घे. तुझ्या सासूबाईंना साखर आहे, त्यांना मात्र बेतानं.

गाइड आहे, बस आहे, हॉटेल-जेवण सगळं टूरवाल्याकडे, मग तयारी ती कशाची, असं जावईबापू म्हणत होते. त्यांना सांग, तुमचे गुडघे, तुमचा पासपोर्ट आणि देवळातलं तुमचं वागणं टूरवाल्याच्या हातात नाही. ते घरूनच नीट करून न्यायचं असतं.

गुडघ्यांचं आधी. सिगिरियाचा उभा खडक सुमारे २०० मीटर उंच आहे. पाचव्या शतकात कश्यप राजानं त्याच्या माथ्यावर राजवाडा बांधला. वर जायला सुमारे १२०० पायऱ्या चढाव्या लागतात. त्यातल्या काही कड्याला लावलेल्या लोखंडी जिन्याच्या आहेत, अरुंद, आणि मागून माणसांची रांग. ज्याला उंचीची भीती वाटते त्यानं हे आधीच ओळखावं. निघायच्या दीड-दोन महिने आधी रामटेक धरा. गडावर गाडीनं जाऊ नका, अंबाळ्याच्या बाजूच्या पायऱ्यांनी चढा, दर रविवारी. पहिल्या वेळी पोटऱ्या भरून येतील, महिन्याभरात येणार नाहीत. बूटही तेव्हाच घालून मुरवा. नवे कोरे बूट घेऊन सहलीला गेलेला माणूस दुसऱ्या दिवशी लंगडतोच. सासूबाईंना मात्र वर न्यायचा हट्ट करू नका. खालच्या जुन्या पाण्याच्या बागा आणि सिंहाचे पंजे असलेल्या पठारापर्यंतचा निम्मा रस्ता, जमेल तेवढं त्यांनी बघावं. त्या जिथं थांबतील तिथं घरचं एक माणूस थांबेल, हे इथूनच ठरवून जा. तिथं गेल्यावर ठरवायला गेलात की कोण थांबणार यावर रुसवेफुगवे होतात.

सिगिरिया सकाळी, फाटक उघडतं तेव्हाच चढायचा. गाइड साडेपाचला उठवेल, कुरकुर करू नका. विषुववृत्ताजवळच्या देशात वर्षभर दिवस-रात्र जवळजवळ सारखीच असते, संध्याकाळी सहा-साडेसहाला अंधार पडतो. आपल्या उन्हाळ्यासारखा सातपर्यंत उजेड मिळेल या हिशेबानं बसाल तर अर्धी ठिकाणं हुकतील. खडकावर गांधीलमाशांची पोळी आहेत आणि शांत राहा अशा पाट्या लावलेल्या आहेत. पोरांना ओरडू देऊ नका. वर वारा जोराचा असतो, छत्री उलटी होते. दोरीची टोपी न्या, नाहीतर आपला दुपट्टा डोक्याला बांधा.

कपड्यांचं मी विणकरांच्या गावात राहून सांगते, सुतीच न्या. चकाकणारे पॉलिस्टरचे कुडते फोटोत छान दिसतात, पण त्या हवेत पाठीला चिकटून बसतात आणि जांघेत, काखेत पुरळ उठतो. हातमागाचं सैल सूत घाम टिपून घेतं आणि त्यातून हवा खेळते. तेही पांढरं किंवा फिकं असू दे, कारण तिथं विहारात जाताना पांढरं नेसायची रीत आहे. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, बायकांचे आणि पुरुषांचेही. जावईबापूंची अर्धी चड्डी समुद्रावर चालेल, कँडीच्या दंतमंदिरात नाही. धुतलेले कपडे तिथं लवकर वाळत नाहीत, म्हणून आतले कपडे दोन जोड जास्तीचे घे. आणि हो, प्रत्येकी एक स्वेटर. उष्ण देशात स्वेटर कशाला असं वाटेल, पण नुवारा एलिया १८०० मीटरच्या वर आहे, म्हणजे आपल्या चिखलदऱ्याहून बरंच उंच. रात्री तिथं चांगलीच थंडी पडते. तिकडे जाणारा घाट वळणांचा आहे. ज्याला बस लागते त्यानं गोळी बस सुटायच्या अर्धा तास आधी घ्यायची, मळमळ सुरू झाल्यावर नाही.

दांबुल्ल्याच्या लेण्यांत चपला बाहेर काढाव्या लागतात आणि दुपारी तो दगड तव्यासारखा तापतो. जाड पांढरे मोजे पर्समध्ये ठेव, मोजे घालून चालता येतं. तिथली माकडं पिशव्या ओढतात. हातात खाऊ धरायचा नाही. माकडानं किंवा कुत्र्यानं ओरखडलं तरी साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायचं आणि त्याच दिवशी दवाखान्यात लस घ्यायची. घरी गेल्यावर बघू, असं यात चालत नाही. मलेरियाची काळजी तिथं नको, २०१६ साली जागतिक आरोग्य संघटनेनं तो देश मलेरियामुक्त जाहीर केला. डेंग्यू मात्र आहे, आणि त्याचा डास दिवसा चावतो. सकाळीच हातापायांना डास पळवणारं मलम लावून निघा.

विहारातल्या वागण्याबद्दल मी जरा जास्त सांगणार आहे. बुद्धमूर्तीकडे पाठ करून फोटो काढायचा नाही. सेल्फी तर नाहीच. ते तिथं अपमानाचं मानतात आणि पोलिसांपर्यंत प्रकरण जाऊ शकतं. कुणाच्या दंडावर बुद्धाचं गोंदण असेल तर बाहीखाली झाकून ठेवावं, त्यावरून पर्यटकांना विमानतळावरून परत पाठवल्याचं घडलेलं आहे. नागपूरच्या माणसानं तर हे नुसतं नियम म्हणून पाळू नये. दीक्षाभूमीवर जो बोधिवृक्ष आहे त्याच्या फांद्या भदंत आनंद कौसल्यायन यांनी श्रीलंकेतल्या अनुराधापूरहून आणल्या. अनुराधापूरचा तो वृक्ष सम्राट अशोकाची कन्या संघमित्रा हिनं नेलेल्या फांदीचा, असं परंपरा सांगते. बाबासाहेब १९५० साली श्रीलंकेत बौद्ध परिषदेला गेले होते, १४ ऑक्टोबर १९५६ च्या धम्मदीक्षेच्या सहा वर्षं आधी. निघायच्या आधी पोरांना एकदा दीक्षाभूमीवर घेऊन जा आणि तो वृक्ष दाखव. मग तिथं गेल्यावर गाइडचं बोलणं त्यांच्या कानांत शिरेल. तुमच्या टूरमध्ये अनुराधापूर नाही, तर आत्ताच विचार, एखादा दिवस वाढवून मिळतो का. खरेदीची एक दुपार कमी झाली तरी चालेल.

आता कागद. पासपोर्टची मुदत परतीच्या तारखेपुढे किमान सहा महिने उरलेली हवी. तिकिटावरचं नाव पासपोर्टवर आहे तसंच, अक्षरन्‌अक्षर. आपल्याकडे लग्नानंतर आधारवर एक नाव, पासपोर्टवर दुसरं, असं बऱ्याच बायकांचं असतं. तुझंही आहे. टूरवाल्याला आधार पाठवू नकोस, पासपोर्टची प्रत पाठव. श्रीलंकेत शिरायची परवानगी, ईटीए म्हणतात ती, निघायच्या आधी ऑनलाइन काढायची असते. तिचे नियम आणि शुल्क अधूनमधून बदलतं, म्हणून सरकारी संकेतस्थळावरच बघा. हुबेहूब दिसणारी खासगी संकेतस्थळं जास्तीचे पैसे घेतात. टूरच्या पैशांवर टीसीएस हा कर घेतला तर त्याचं प्रमाणपत्र मागून घ्या. ती रक्कम पॅनवर जमा दिसते आणि रिटर्न भरताना हिशेबात धरता येते. लोक ती टूरचाच खर्च समजून सोडून देतात. प्रवासाचा विमा काढताना सासूबाईंचा रक्तदाब, साखर लपवू नका. लपवलेल्या दुखण्यावर दावा नाकारला जातो.

टूरचा कागद पूर्ण वाच, विशेषतः काय धरलेलं नाही ते. सिगिरियाचं तिकीट परदेशी माणसाला महाग आहे, पण सार्क देशांच्या नागरिकांना सवलत मिळते आणि त्यासाठी पासपोर्ट दाखवावा लागतो. ते तिकीट पॅकेजमध्ये आहे की नाही, हे पैसे भरायच्या आधी लेखी घे.

तुम्ही नागपूरहून जाताना चेन्नई किंवा मुंबईला विमान बदलणार, म्हणजे सामान दोनदा बघितलं जाऊ शकतं. सुकं खोबरं बॅगेत घालू नकोस. त्यात तेल असतं, ते पेट घेऊ शकतं, म्हणून विमानात मनाई आहे. खोबऱ्याच्या वाट्या घातलेला मसाला घरीच राहू दे.  जावईबापूंचा खर्रा इथंच. चघळायच्या तंबाखूवर श्रीलंकेत बंदी आहे, आणि सहलीच्या निमित्तानं सुटला तर मला आनंदच होईल. पॉवर बँक हातातल्या पिशवीत, मोठ्या बॅगेत नाही. औषधं मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट, तीही हातातल्याच पिशवीत. चिवडा, शेंगदाण्याची चटणी, दशम्या खुशाल न्या.

तुझ्या सासूबाई मांसमासे खात नाहीत, म्हणून हे नीट ऐक. तिथं भात-भाज्या भरपूर, नारळाच्या दुधातल्या, आपल्याला आवडतील अशा. पण उंबलकड नावाचा सुक्या माशाचा चुरा पुष्कळदा भाज्यांत आणि खोबऱ्याच्या चटणीत घालतात. तो दिसत नाही. भाजी आहे का, असं विचारून उपयोग नाही. यात मासा आहे का, असं प्रत्येक जेवणाला गाइडकडून विचारून घ्या.

पैशाचं थोडक्यात. डॉलर अधिकृत ठिकाणाहून पावतीसकट घ्या. यूपीआय २०२४ पासून तिथं काही दुकानांत चालतं, त्याच्यावर विसंबू नका. मसाल्यांच्या बागा आणि रत्नांची दुकानं टूरमध्ये असतात, कारण तिथं विक्रीवर कुणाला तरी वाटा मिळतो. बघा, शिका, चहा प्या. पण नीलम घ्यायचा असेल तर तो सहलीच्या घाईत घ्यायची वस्तू नाही. गाइड आणि ड्रायव्हरला शेवटच्या दिवशी बक्षिसी द्यायची, ती आधीच वेगळ्या पाकिटात ठेव. दिवसभर घाटात गाडी हाकणारा तो माणूस आहे.

समुद्राबद्दल मला फार काळजी वाटते. आपली मुलं कन्हानच्या डोहात पोहलेली, त्यामुळे त्यांना पाण्याची भीती नाही आणि समुद्राची माहिती नाही. किनाऱ्यापासून आत ओढणारा प्रवाह वरून दिसत नाही, उलट तिथं पाणी शांत वाटतं. तांबडं निशाण असेल तर घोट्यापर्यंतही उतरायचं नाही. कुणी ओढला गेला तर त्यानं सरळ किनाऱ्याकडे झुंजू नये. किनाऱ्याला समांतर पोहत ओढीतून बाहेर पडावं आणि मग किनाऱ्याकडे यावं. बाकीच्यांनी त्याच्या मागे उड्या घालू नयेत. हे पोरांकडून इथं पाठ करून घे.

राहिला महिन्याचा प्रश्न. शाळेला सुट्टी म्हणून टूरवाले मेच्या तारखा पुढं करतात. पण श्रीलंकेत दोन पावसाळे आहेत. मे ते सप्टेंबर नैऋत्येचा पाऊस कोलंबो, बेंटोटा आणि डोंगरातल्या चहाच्या मळ्यांवर पडतो आणि त्या बाजूचा समुद्र खवळतो. डिसेंबर ते फेब्रुवारी ईशान्येचा पाऊस त्रिंकोमाली, अनुराधापूरकडे येतो, त्याचा जोर जानेवारीनंतर उतरतो. तुमच्या टूरमध्ये सिगिरिया, कँडी, नुवारा एलिया आणि बेंटोटा आहे, त्याला जानेवारीअखेर ते मार्च हा काळ चांगला. मेमध्ये जायचं एकच कारण मला पटतं, वैशाख पौर्णिमा. त्या दिवसांत तिथं घरोघरी कंदील लागतात, रस्त्यावर येणाऱ्या-जाणाऱ्याला अन्नदान होतं. ते बघायचं असेल तर समुद्र यादीतून काढा आणि छत्र्या न्या. दोन्ही एकाच सहलीत मिळणार नाहीत. पोरांची शाळा चार-सहा दिवस बुडाली तरी चालेल, मी मास्तरीण असून सांगते. तुम्ही फेब्रुवारीतच जा. पैसे भरायच्या आधी टूरवाल्याला फोन कर आणि तारीख बदलून घे.