आधी कापड उलटं करून बघ

चि. सोनू,


पुढच्या महिन्यापासून आपला जुन्या कापडांचा संग्रह तुझ्या ताब्यात येतोय हे वाचून आनंद झाला. थोडी धास्तीही वाटली, पण ती तुझ्यासाठी नव्हे, कपाटांसाठी. तू लिहितेस, पहिल्या वर्षात सगळं स्कॅन करून टाकायचं, म्हणजे डिझायनरला घरबसल्या बघता येईल. जरूर कर. फक्त स्कॅनरच्या काचेवर ठेवण्याआधी प्रत्येक तुकडा उलटा करून बघ, आणि त्या बाजूचाही स्कॅन घे. दुप्पट वेळ लागेल, ट्रस्टी कुरकुरतील. कुरकुरू देत.

नक्षी पुढून दिसते, पण ती झाली कशी हे मागून कळतं. हातमागावरच्या अस्सल पैठणीच्या पदरावरचा मोर दोन्ही बाजूंनी सारखाच दिसतो, कारण तिथे प्रत्येक रंगाची वेगळी कांडी असते आणि रंग बदलतो तिथे धागे एकमेकांत अडकवून मागे फिरवलेले असतात. तसाच मोर पुढून दिसतोय आणि मागे धागे सुटे पडलेत किंवा कातरलेत, तर ती जेकार्ड मागाची करामत. औरंगाबादच्या हिमरूत हे मागचे सुटे धागे मुद्दामच ठेवलेले असतात, त्यांनीच त्या शालीला ऊब येते. पुढून फोटो काढलास तर तिन्ही ठिकाणी ‘वेलबुट्टी’ एवढीच नोंद होईल. तुझ्याकडे येणाऱ्या डिझायनरला वेलबुट्टी इंटरनेटवर फुकट मिळते. तुझ्याकडे त्याने यायचं ते ती वेलबुट्टी कोणत्या अडचणीतून जन्मली हे बघायला. नवं काही सुचतं ते बहुतेक त्या अडचणीतूनच. फुलाची पाकळी पायरीपायरीची का झाली, तर ती ताण्याचे धागे मोजून विणली म्हणून. एकदा हे कळलं की माणूस पाकळी उचलून नेत नाही, स्वतः धागे मोजायला बसतो.

रंगांचंही तेच. जुन्या छिटाच्या तुकड्यांत निळी पानं दिसली की मुलं हरखतात, ‘काय पॅलेट आहे!’ म्हणतात. त्यांना सांग, ही पानं हिरवी होती. आधी नीळ, तिच्यावर पिवळा, असा तो हिरवा व्हायचा. पिवळा उन्हाने उडाला, नीळ टिकली. शिवणीच्या आत किंवा दुमडलेल्या काठाखाली बघ, कित्येकदा मूळ हिरवा तिथे अजून शाबूत असतो. निळी पानं आवडली तर त्यांनी खुशाल वापरावीत, पण आपण काळाची करणी वापरतोय, रंगाऱ्याची नव्हे, हे त्यांना ठाऊक असावं.

आता नोंदींबद्दल. तुला जॉन फोर्ब्स वॉटसन माहीत असेलच. नसेल तर माहीत करून घे, कारण तुझ्या धंद्याचा तो एक मूळपुरुष आहे, आणि फारसा प्रेमळ मूळपुरुष नाही. १८६६ साली त्याने हिंदुस्थानी कापडाचे ७०० नमुने १८ खंडांत चिकटवले आणि अशा २० प्रती केल्या. १३ इंग्लंडात राहिल्या, ७ इकडे आल्या. हेतू उघड होता. इथल्या लोकांना काय आवडतं हे लँकशायरच्या गिरणीवाल्यांना घरबसल्या कळावं आणि तसा माल त्यांनी इथे विकावा. (‘घरबसल्या’ हा शब्द तुझ्याही पत्रात आहे, म्हणून आठवण झाली.) त्यासाठी पागोटी, धोतरं, लुगडी कापून तुकडे केले. लुगडं कापलं की लुगडं उरत नाही. काठ कुठे संपतो, पदर केवढा, निऱ्यांत काय लपतं आणि खांद्यावर काय मिरवतं, हे सगळं कात्रीखाली गेलं.

पण त्याचं एक मात्र मान्य करायला हवं. प्रत्येक तुकड्याजवळ त्याने मूळ वस्त्राची लांबी, रुंदी, वजन आणि गाव लिहिलं. मांडणीही नक्षीवरून केली नाही, वापरावरून केली: डोक्याला काय, कमरेला काय, बायकांचं काय. आणि हिंदुस्थानात कापड शिवण्यासाठी नव्हे, तर जसंच्या तसं नेसण्यासाठी विणतात, हे वाचणाऱ्याला बजावून सांगितलं. आपल्याकडे अखंड लुगडी आहेत, पण त्यांच्यावर गावाचं नाव नाही. कापणाऱ्याने जे लिहून ठेवलं ते जपणाऱ्यांनी लिहिलं नाही, ही मला आपल्या मंडळींची मोठी उणीव वाटते.

त्याच्याही आधी, १७३४च्या सुमारास, पाँडिचेरीत बोलियू नावाच्या फ्रेंच अधिकाऱ्याने आणखी हुशारीचं काम केलं होतं. छीट रंगवताना प्रत्येक टप्प्यानंतर त्याने एक तुकडा कापून घेतला आणि त्याच्याजवळ कृती लिहिली. ते हस्तलिखित तुकड्यांसकट पॅरिसला आहे. ही सरळसरळ हेरगिरी होती. त्या वेळी फ्रान्समध्ये १६८६पासून आपल्याकडची छापील कापडं आणायला, आणि तिथल्या तिथे तशी छापायलाही बंदी होती. म्युलूझ हे शहर तेव्हा फ्रान्सबाहेर, स्वतंत्र होतं. बंदीचा जाच नाही, म्हणून १७४६ साली तिथे छपाईचे कारखाने निघाले आणि त्याच जोरावर शहर उभं राहिलं. पुढे त्याच गावच्या उद्योजकांनी १८३३पासून नमुने जमवायला सुरुवात केली. आज तिथल्या छापील वस्त्रांच्या संग्रहालयात नमुन्यांची संख्या लाखांच्या घरात आहे आणि फॅशनवाले पैसे भरून ते बघायला जातात. तेव्हा प्रेरणेसाठी संग्रह म्हणतेस तो फार सोवळा वारसा आहे असं समजू नकोस. नकलेतून जन्मलेला धंदा आहे. तो नकलेच्या वर न्यायचा की नाही, हे चालवणाऱ्यावर आहे.

मांडणी कशी करायची, असं विचारलंस. अमेरिकेत सुझन मेलर यांनी १९७२मध्ये सुरू केलेल्या डिझाइन लायब्ररीत आज ७० लाखांहून जास्त नमुने असल्याचं सांगतात. १९९१च्या त्यांच्या जाडजूड पुस्तकात फुलांचे, भौमितिक, ‘कन्व्हर्सेशनल’ म्हणजे छत्र्या-कुत्री-जहाजं असले ओळखू येणारे विषय असलेले, ‘एथ्निक’, आणि कलाशैलींचे अशी विभागणी आहे. घाईत आलेल्या डिझायनरला असे कप्पे सोयीचे पडतात. सोमवारी त्याला टिंबं हवी असतात, टिंबांचा खण उघडला की काम झालं. पण ‘एथ्निक’ हा खण मला कधी पटला नाही. तिथे काश्मीरचा बुटा आणि जाव्याचं बाटिक शेजारी झोपतात आणि मालकाला वाटतं वर्गीकरण झालं. तू मुळात तंत्र, गाव आणि वापर यांवरून लाव. विषयाची सूची वेगळी, कॉम्प्युटरवर कर, एका तुकड्याला हवी तेवढी नावं दे. कोयरी म्हणणारा येईल, आंबा म्हणणारा येईल, पेझ्ली म्हणणारा तर येईलच. तिघांनाही तोच तुकडा मिळाला पाहिजे. कपाटात मात्र इरकलीजवळ इरकलच असू दे. शोधायला आलेल्याला न शोधलेलं शेजारी सापडतं ते कपाटात, स्क्रीनवर नाही.

मिलची डिझाइन बुकं खालच्या मजल्यावर आहेत. १९८२च्या संपानंतर एकेक गिरणी आटपत गेली, तेव्हा असली बुकं रद्दीच्या भावाने गेली. आमच्या मिलची तर टेम्पोतून गेली आणि कोणी पावतीही मागितली नाही. जी राहिलीत त्यांच्या पानांवर डिझाइन नंबर, तारीख, किती रंग, कोणतं मॅचिंग, म्हणजे रंगांची जुळणी, चाललं आणि कोणतं पडून राहिलं, सगळं आहे. ‘पडून राहिलं’ या शेऱ्याची पानं आधी वाच. न खपलेल्या मॅचिंगमध्येच पुढच्या पिढीला कामाचं सापडतं, असा माझा अनुभव आहे. आणि कृपा करून ती पानं सुटी करून ‘छान छान’ तेवढी फ्रेममध्ये लावू नकोस.

जपणुकीचं तुला कोर्समध्ये शिकवलं असेल, म्हणून थोडक्यात. नंबर कापडावर लिहायचा नाही. सुती फितीवर लिहून फीत सैल टाक्यांनी टाचायची. टाचणी, स्टेपल बंद. टेबलावर पेन्सिलच, बॉलपेन घेऊन आलेल्याचं पेन दारात ठेवून घे, मग तो कितीही मोठा डिझायनर असो. जरीची वस्त्रं घडी घालून ठेवू नकोस, गुंडाळीवर ठेव, नाहीतर घडीवरच तार तुटते. काळ्या रेषा असलेले जुने तुकडे कमीत कमी हाताळ. लोहाचा काळा रंग आपलंच सूत खातो, म्हणून फुलं शाबूत आणि बाह्यरेषा गळालेल्या असं दिसतं. पावसाळ्यात हवेतला दमटपणा रोज लिहून ठेव. डांबराच्या गोळ्या कोणी आजीच्या आठवणीने आणून दिल्या तर आभार मानून बाहेर ठेव. उजेड जितका कमी तितका बरा. शोकेससाठी ५० लक्सच्या वर जाऊ नकोस.

विकत घेताना व्यापाऱ्याचं बोलणं ऐक आणि रंग बघ. बाजारात प्रत्येक जुनी पैठणी पेशवेकालीन असते. पेशवाई १८१८ला संपली. पर्किन या रसायनतज्ज्ञाला कृत्रिम जांभळा रंग सापडला १८५६ साली. असला भडक जांभळा काठ दाखवून कोणी बाजीरावाचं नाव घेऊ लागला तर चहा पाजून वाटेला लाव. दोनशे वर्षं नाही, शंभर वर्षं जुनी म्हणूनही ती पैठणी सुंदर असू शकते. तशी नोंद कर आणि तशीच किंमत दे.

फीबद्दल स्पष्ट राहा. तुकडा संस्थेचा आहे, नक्षी संस्थेची नाही. बघण्याचे, जागेचे, माणसाच्या वेळेचे पैसे घे. शंभर-दोनशे वर्षांपूर्वीच्या नक्षीचे ‘हक्क’ विकल्याची पावती फाडू नकोस. अलीकडच्या मिलच्या कामाबद्दल वकिलाला विचार. नोंदणी केलेल्या डिझाइनला २०००च्या कायद्याने १० अधिक ५ वर्षं संरक्षण मिळतं, आणि नोंदणी होऊ शकणारं पण न केलेलं डिझाइन यंत्रावर ५०हून जास्त वेळा निघालं की त्यातला कॉपीराइट सरतो. भौगोलिक मानांकनाची गोष्ट वेगळी. ते मुख्यतः नावाचं रक्षण करतं. पॉलिएस्टरवर छापलेल्या मोराला पैठणी म्हणता येणार नाही, हे तुझ्या करारपत्रात एक वाक्य घालून आधीच सांग. त्याखाली दुसरं घाल, की जिथून घेतलं त्या गावाचं आणि तंत्राचं नाव मालाबरोबर छापावं. २०२५मध्ये मिलानच्या रॅम्पवर एका फॅशन कंपनीच्या कोल्हापुरीसारख्या चपला बिननावाने आल्या तेव्हा केवढा गदारोळ झाला ते आठवतं ना? ओरडा झाल्यावर कंपनीने मूळ मान्य केलं. आधी एक ओळ लिहिली असती तर काही बिघडलं नसतं.

आणि विणकरांकडून पैसे घेऊ नकोस. याबाबत ट्रस्टींशी भांडावं लागलं तर भांड. १९५६ला मुंबईत विणकर सेवा केंद्र निघालं, तेव्हा पुपुल जयकरांची कल्पनाच ही होती की चित्रकाराने आणि विणकराने एकाच छपराखाली काम करावं. आपले चित्रकार प्रभाकर बरवे तिथे कित्येक वर्षं नोकरीला होते. आपल्या वाचनखोलीत मात्र मी बहुतेक एकाच तऱ्हेचे लोक पाहिले, काळे कपडे, महागडा फोन. येवल्याचा विणकर आला तर त्याला स्कॅन दाखवू नकोस, कापडच दे आणि हातात भिंग दे. तो पहिल्यांदा ते उलटंच करील. मग त्याच्याशेजारी वही घेऊन बस आणि तो पुटपुटेल ते लिहून घे: किती सूत, कुठे चुकलंय, दोघांनी विणलंय की एकाने. आपल्या रजिस्टरातले रिकामे रकाने भरायला याहून जाणकार माणूस तुला कुठल्याही विद्यापीठात मिळणार नाही. जायच्या वेळी त्याचं नाव नोंदीखाली घाल आणि गाडीभाडं दे.

रजिस्टर क्रमांक तीनमध्ये माझ्या खुणा आहेत. ‘उ. पा.’ म्हणजे उलट बाजू पाहिली. जिथे ती खूण नाही, ते तुकडे पुन्हा काढावे लागतील. सुरुवात चोळीच्या खणांपासून कर, लहान असतात, टेबलावर मावतात. माळ्यावरची दुसरी पेटी एकटीने उतरवू नकोस, जड आहे.

आईला नमस्कार सांग.

तुझा,
मामा