सुट्ट्या पैशांऐवजी चिठ्ठी

दुसऱ्या महायुद्धात तांबे दारूगोळ्याकडे वळले, लोकांनी नाणी दडवली आणि पुण्याच्या बाजारात सुटे मिळेना. तेव्हा रुपयाचे ६४ पैसे. वाण्याने दोन पैसे परत द्यायचे कसे? कुणी पोस्टाचे तिकीट देई, कुणी दुकानाचा शिक्का मारलेली चिठ्ठी. नाण्यासारखे धातूचे खासगी बिल्ले पाडायला १८८९ च्या कायद्याने बंदी होती. कागद-पुठ्ठा मात्र हाताशी होता. पण चिठ्ठी चाले त्याच दुकानात, तीही दुकानदाराच्या शब्दावर. गूळ विकायला पुण्याला गेलेल्या शेतकऱ्याने ती गावी आणून करायचे काय? चुलीत घालायची? १९४० मध्ये एक रुपयाची नोट निघाली, पण मोड लागतच राहिली! अखेर १९४३ मध्ये सरकारने तांबे वाचवून भोकाचा पैसा काढला. मग बायाबापड्या तो दोऱ्यात ओवून ठेवू लागल्या.