मधल्या तुकड्याला डोके कोणत्या बाजूला फुटते?



दहावीच्या विज्ञानात पुनर्जननाचा भाग येतो. ‘प्लॅनेरियाचे तुकडे केले असता प्रत्येक तुकड्यापासून पूर्ण जीव तयार होतो’, एवढे लिहिले की गुण मिळतात. आम्हीही पुष्कळ वर्षे एवढेच सांगून पुढचे पान उलटले. परवा एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, मधल्या तुकड्याला कसे कळते की डोके कोणत्या बाजूला काढायचे?” त्या वेळी आम्हाला उत्तर देता आले नाही. वाचून, समजून घेऊन ते आज येथे देत आहोत.

प्लॅनेरिया हा गोड्या पाण्यातला लहानसा चपटा कृमी. पालीचे तुटलेले शेपूट पुन्हा येते, पण त्या शेपटापासून पाल होत नाही. प्लॅनेरियाच्या शेपटीपासून मात्र अख्खा प्लॅनेरिया होतो. कारण त्याच्या शरीरभर ‘निओब्लास्ट’ नावाच्या मूळ पेशी असतात. त्या विभागून जखमेकडे जातात आणि त्वचा, स्नायू, मेंदू, डोळे असे लागेल ते घडवतात. याला साधारण एक ते दोन आठवडे लागतात.

पेशी म्हणजे विटा झाल्या. नकाशा कोठे असतो? तो मुख्यतः स्नायूंच्या पेशींत असतो. ‘डब्ल्यूएनटी’ नावाचा रासायनिक संदेश शेपटीकडे जास्त व डोक्याकडे कमी असतो. कापल्यावर पुढच्या जखमेत ‘नोटम’ नावाचे प्रथिन तयार होऊन हा संदेश दाबते, म्हणून तेथे डोके येते. मागच्या जखमेत संदेश चालू राहतो, तेथे शेपटी येते. २००८ मध्ये शास्त्रज्ञांनी हा संदेश पोहोचवणारे बीटा-कॅटेनिन बंद केले, तेव्हा शेपटीच्या जागीही डोकेच उगवले!

आपल्या मराठी मुलखातही या विषयाचा अभ्यास होतो. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत डॉ. सुरेंद्र घासकडबी यांनी हायड्रावर दीर्घकाळ संशोधन केले. पुण्याच्याच आयसरमध्ये डॉ. संजीव गलांडे यांच्या गटाने हायड्राच्या शरीराचा आराखडा कसा ठरतो, याविषयीचे संशोधन २०१९ मध्ये प्रसिद्ध केले. गंमत अशी की जो संदेश प्लॅनेरियात शेपटी ठरवतो, तोच हायड्रात डोके ठरवतो. अक्षर एकच, पण शब्द निराळा.

एक चूक मात्र टाळा. पुनर्जनन म्हणजे प्रजनन नव्हे. काही प्लॅनेरिया स्वतःच दोन भागांत तुटून वाढतात हे खरे, पण बहुतेक जीव कोणी कापेल या भरवशावर वंश चालवत नाहीत.

पालकांना विनंती, मुलाने असा प्रश्न विचारला तर ‘परीक्षेत येणार नाही’ असे म्हणू नका. विश्वस्त मंडळींनीही प्रयोगशाळेत एकदा यावे आणि मुलांचे प्रश्न ऐकावेत.

आता तुमच्यासाठी प्रश्न: प्लॅनेरियाचे डोके मधोमध उभे चिरले आणि दोन्ही भाग जुळू दिले नाहीत, तर काय होईल? आकृती काढून, कारणासहित उत्तर आणा.