शुगर-फ्री पाव आणि उपाशी यीस्ट

कडकोळला किंवा म्हैसूर–नंजनगूड रस्त्यावर कुठेही राहून घरी पाव भाजत असाल आणि घरात मधुमेही माणूस असेल, तर साखरेच्या जागी एरिथ्रिटॉलसारखं शुगर अल्कोहोल (पॉलिऑल) घालायचा मोह होतोच. यीस्टला मात्र गोडीशी देणंघेणं नाही. त्याला पचणारी साखर हवी.

काय करावे

• यीस्ट भिजवताना चमचाभर खरी साखर किंवा गूळ घाला. यीस्ट ती फोडून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज करतं, खातं, आणि सुटलेल्या वायूने पीठ फुगतं. त्या चमच्यातलं बरंचसं यीस्टच संपवतं. मधुमेही माणसाने मोजायचं ते मैद्याचं प्रमाण.

• साखर अजिबात नको? मग वेळ द्या. पिठातली एन्झाइम्स स्टार्चपासून माल्टोज तयार करतात, यीस्टला तेवढं पुरतं. मळलेलं पीठ रात्रभर फ्रिजमध्ये ठेवलं तर चवही सुधारते.

• गोड बनसाठी साखर मैद्याच्या दहा टक्क्यांच्या वर जात असेल, तर गोड पिठासाठीचं वेगळं यीस्ट आणा. जास्त साखर पेशीतलं पाणी ओढून घेते. ते टिकवायला यीस्ट स्वतःच ग्लिसरॉल बनवतं, आणि ग्लिसरॉल हेही शुगर अल्कोहोलच!

• मध आणि काकवीत कोरडाच चमचा घाला. मधातलं पाणी वीस टक्क्यांच्या वर गेलं की दाट गोडीत तग धरणारी झायगोसॅकरोमायसिससारखी यीस्ट जागी होतात. मध फसफसतो, आंबतो.

• पुढे शिकायची हौस असेल, तर म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेत (सीएफटीआरआय, स्थापना 1950) बेकरीचाही विभाग आहे. तिथल्या प्रशिक्षणांची चौकशी जरूर करा.

काय टाळावे

• एरिथ्रिटॉल, झायलिटॉल, सॉर्बिटॉल किंवा स्टीव्हियावर यीस्ट फुगवायला ठेवू नका. पावाच्या यीस्टला यांतलं काहीच आंबवता येत नाही. गंमत अशी, की कारखान्यात एरिथ्रिटॉल बनवतात तेही यीस्टकडूनच, मोनिलिएला आणि यारोविया या जातींना ग्लुकोज खाऊ घालून.

• कढत पाणी नको. बोटाला कोमट लागेल एवढंच.

• एरिथ्रिटॉलने रंग चढत नाही, म्हणून त्याचा पाव लाल होईपर्यंत भाजत बसू नका, तो आतून वाळेल. वरून दुधाचा हात फिरवा. दुधातलं लॅक्टोज भट्टीत छान रंग धरतं.

• पॉलिऑल एका वेळी भरपूर खाऊ नका. पोट फुगतं, जुलाब होतात. पाकिटावर तशी सूचना असते.

• झायलिटॉल घातलेला तुकडा कुत्र्याला कधीही देऊ नका. थोड्याशानेही त्याची रक्तशर्करा झपाट्याने उतरते, जीव जाऊ शकतो.