‘अकॅडेमिकली’ मराठीत आणण्याची कृती

शाळेचा दाखला, कॉलेजचे माहितीपत्रक, संशोधनाचा अहवाल, मराठी करायला काहीही हाती येवो, ‘अकॅडेमिकली’ दिसले की बहुतेक जण ‘शैक्षणिकदृष्ट्या’ लिहून पुढे जातात. तिथे थांबा. आधी वाक्यातले क्रियापद शोधा आणि बोलणे कोणाविषयी चालले आहे ते पाहा.

विद्यार्थ्याविषयी असेल तर काम सोपे आहे. मुलगी ‘अकॅडेमिकली’ चांगली आहे, म्हणजे अभ्यासात हुशार आहे. दादरच्या चाळीतली आजी हेच म्हणेल, आणि दाखल्यावरही तेच शोभते.

विषय ज्ञानाचा, संशोधनाचा असेल तर नेटाने विचार करावा लागतो. समजा, मजकूर लालबाग-परळच्या गिरण्यांचा आहे आणि १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपाचा ‘अकॅडेमिकली’ अभ्यास झाला, असे इंग्रजी वाक्य आहे. ‘संपाचा शैक्षणिकदृष्ट्या अभ्यास झाला’ असे लिहिले तर शाळा बुडाल्यामुळे मुलांचे किती नुकसान झाले, याची पाहणी झाल्यासारखे वाटते. इथे ‘अभ्यासकांनी संपाचा पद्धतशीर अभ्यास केला’ असे लिहा. कर्ता पुढे आणला की क्रियाविशेषणाची गरजच उरत नाही. माझ्या मते निम्म्या वेळा हाच खरा उपाय असतो.

तिसरी छटा सर्वांत फसवी. डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखालचा तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. तो आजही चालू आहे का, यावर ‘अकॅडेमिकली’ वाद घालता येईल, असे कोणी लिहिले तर तिथे अर्थ होतो ‘केवळ तात्त्विक’, म्हणजे निकाल काहीही लागो, व्यवहारात फरक पडत नाही. पण गिरणी कामगारांच्या घरांच्या प्रश्नाला ‘अकॅडेमिक’ हे विशेषण कोणी लावले, तर शब्द बदलून भागणार नाही, लेखकाला विचारा. घराची वाट पाहणाऱ्या कुटुंबांसाठी तो प्रश्न रोजचा आहे.

मग ‘शैक्षणिकदृष्ट्या’ कुठे वापरायचे? राज्यघटनेच्या कलम १५(४) मध्ये ‘सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास’ वर्गांचा उल्लेख १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने आला. तिथे मूळ इंग्रजी शब्द ‘एज्युकेशनली’ आहे. ‘शैक्षणिकदृष्ट्या’ त्याच्यासाठीच राखून ठेवलेले बरे, नाहीतर सरकारी मजकुरात दोन वेगळ्या गोष्टी एक होतात.

शंका राहिलीच तर कोश उघडा. भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश आता संकेतस्थळावरही सापडतात. जुनी मराठी पाहायची तर मोल्सवर्थ-कँडींचा १८४७ चा इंग्रजी-मराठी कोश किंवा नी. बा. रानड्यांचा कोश चाळा. अशा जुन्या ग्रंथांसाठी दादर पूर्वेला, १८९८ साली स्थापन झालेल्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात चौकशी करावी. कोश पर्याय देतो. निवड मात्र तुमच्या वाक्याने करायची.

शेवटी मुद्रित तपासा. ‘दृष्ट्या’ मागच्या शब्दाला जोडूनच येते, मध्ये जागा सोडायची नाही. त्यातला ट अर्धा आहे. टंकताना हलन्त सुटला की ‘दृष्टया’ होते, आणि ही चूक पुष्कळ ठिकाणी दिसते. मग वाक्य मोठ्याने वाचा. जीभ अडखळली तर क्रियाविशेषण काढून ‘अभ्यासात’, ‘संशोधनात’ किंवा ‘तत्त्वतः’ घालून पुन्हा वाचा.